किड्याच्या घरचे बिऱ्हाडकरू

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे आठवावेत, हे आम्हा इतिहास शिकवणाऱ्यांचेच पाप आहे. आज मी तुम्हाला जो इतिहास सांगणार आहे, त्यात राजा नाही आणि तलवारही नाही. त्यात एक घर आहे आणि त्या घरातले एक बिऱ्हाड आहे. घर आहे किड्याचे; आणि बिऱ्हाड केले आहे जीवाणूंनी. हे बिऱ्हाड कधी मालकाचे पोट भरते, कधी मालकाच्या वंशावरच हक्क सांगते, आणि कधी तर मालकाच्या दप्तरातला कोणता कागद उघडावा आणि कोणता बांधून ठेवावा, हेही तेच ठरवते. ज्या घरांविषयी मी बोलणार आहे ती घरे दूरदेशीची नाहीत. अकोल्याच्या, अमरावतीच्या कोणत्याही खेड्यात ती सापडतील. पऱ्हाटीच्या पानाखाली, ज्वारीच्या कणगीत, कूलरच्या टाकीत.

पऱ्हाटीपासूनच आरंभ करू. भाद्रपदात आभाळ चार दिवस भरून राहिले की कपाशीच्या कोवळ्या पानांच्या मागे मावा जमतो. पाने आखडतात, त्यांवर चिकटा पडतो. शेतकऱ्याला हे सांगावयास नको. पण एक प्रश्न तुम्ही स्वतःला कधी विचारला आहे का? मावा आयुष्यभर झाडाचा रस पितो, दुसरे काही खात नाही. हा रस म्हणजे जवळजवळ साखरेचे पाणी. शरीर घडवायला जी अमिनो आम्ले लागतात, त्यांतली कित्येक त्यात नावालाच असतात. नुसत्या सरबतावर कोणाचे पोर बाळसे धरील? मावा तर धरतोच, वर आठवड्याभरात पिल्लांची फौज उभी करतो.

इंग्लंडचा प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञ टॉमस हक्सली याने १८५८ साली माव्याचे पोट उघडून पाहिले, तेव्हा त्याला आत एक पुंजका दिसला. तो अंड्यातल्या बलकासारखा दिसे, पण बलक नव्हे. म्हणून त्याने त्याला ‘खोटा बलक’ असे नाव दिले आणि तो पुढच्या कामाला लागला. तो पुंजका काय आहे याचा उलगडा व्हायला आणखी अर्धे शतक जावे लागले. १९१० साली इटलीचा पिएरांतोनी आणि मोरावियाचा शुल्त्स या दोघांनी, एकमेकांना न विचारता, एकच गोष्ट सांगितली: हा पुंजका म्हणजे जिवंत जीवाणूंची वसाहत आहे. किड्याने त्यांच्यासाठी खास पेशी राखून ठेवल्या आहेत, आणि आई आपल्या प्रत्येक पिल्लाला हे बिऱ्हाड वारशाने देते. पुढे पाउल बुख्नर या जर्मन पंडिताने सारी हयात या एकाच विषयात घालवली. त्याचा जाडजूड ग्रंथ १९५३ साली निघाला. त्यात ढेकूण, ऊ, तुडतुडे, भुंगे अशा कितीतरी किड्यांच्या घरचे बिऱ्हाडकरू त्याने नोंदवले आहेत. माव्यातल्या जीवाणूला १९९१ साली नाव मिळाले ते त्याच्यावरूनच, बुख्नेरा.

या बुख्नेराचे वास्तव्य पंधरा कोटी वर्षांहून जुने आहे. इतके दिवस एकाच घरी राहिल्यावर काय व्हावयाचे? २००० साली जपानी शास्त्रज्ञांनी त्याची सगळी आनुवंशिक लिपी वाचून काढली. ती भरली सुमारे ६ लाख ४० हजार अक्षरे. आपल्या आतड्यातल्या साध्या जीवाणूची लिपी सेहेचाळीस लाखांची असते. म्हणजे बिऱ्हाडकरूने आपली बहुतेक भांडीकुंडी विकून टाकली आहेत. चूल मालकाची, पाणी मालकाचे. स्वतःपाशी ठेवले ते एवढेच, की ज्याच्या जोरावर मालक त्याला घराबाहेर काढणार नाही. माव्याला हवी असलेली अमिनो आम्ले बनवण्याचे सामान!

इथवरचा इतिहास देवाणघेवाणीचा झाला. यापुढचा समजण्यासाठी जरा दप्तराकडे वळावे लागेल.

आपल्या वऱ्हाडात पटवाऱ्याचे दप्तर हा काय प्रकार असतो, हे कोणाला सांगायला नको. गावातल्या प्रत्येक शेताचा कागद त्यात असतो. पण असणे निराळे आणि उघडणे निराळे. ज्या दिवशी जो कागद बाहेर निघेल, त्याच दिवशी त्या शेताचे काम होईल. सजीवाच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत असेच एक दप्तर आहे. त्यातल्या एकेका कागदाला शास्त्रज्ञ ‘जनुक’ म्हणतात. डोळ्याच्या पेशीत आणि पायाच्या पेशीत दप्तर एकच असते, पण उघडे कागद वेगळे. हे उघडणे-मिटणे कसे चालते, याचा पहिला स्पष्ट हिशेब पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रांस्वा झाकोब आणि झाक मोनो या दोघांनी १९६१ साली मांडला. त्यांनी जीवाणूला दुधातली साखर दिली, तर ती पचवणारे जनुक उघडले. साखर काढून घेतली, तर ते मिटले. १९६५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांनी पाहिला तो एकट्या जीवाणूचा कारभार. पण ज्या घरात मालक आणि बिऱ्हाडकरू मिळून राहतात, तेथे मालकाच्या दप्तराला हात कोणाचा लागतो? माव्याचेच पाहा. गर्भात बुख्नेरा शिरण्याच्या आधीच किड्याने काही पेशी त्याच्यासाठी नेमून ठेवलेल्या असतात, आणि त्या पेशींत डिस्टल-लेस नावाचे जनुक उघडलेले असते. हे २००३ साली दिसून आले. हे जनुक एरवी किड्याचे पाय घडवताना उघडते. म्हणजे पाय घडवण्याचा कागद, पण काढला पाहुण्याची खोली सजवायला! घर आणि बिऱ्हाड हे शब्द येथे मी उगीच वापरत नाही.

आता कणगीकडे चला. ज्वारीत जो काळपट, सोंडेचा किडा पडतो, त्याला कोणी सोंडे म्हणतात, कोणी टोके, कोणी पोरकिडे. मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडे घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते. बाहेर येतो तो पूर्ण वाढलेला सोंड्या, काळा आणि इतका टणक की नखाखाली चिरडला तर कटकन आवाज येतो. त्या काळेपणाचा आणि टणकपणाचा मालक कोण, हे तुम्हाला सांगितले तर आश्चर्य वाटेल.

फ्रान्समधील लिऑन येथे पॉल नार्दों आणि त्यांच्यामागून अब्देलअजीज हेद्दी यांनी हाच आपला सोंड्या कित्येक वर्षे अभ्यासला. नार्दोंनी १९७३ साली असे दाखवले, की सोंड्यांना पस्तीस अंश उष्णतेत, दमट हवेत, महिनाभर ठेवले तर किडा जगतो, पण त्याच्या पोटातला जीवाणू मरतो. अशा बिनबिऱ्हाडाच्या किड्यांचा वंश मग प्रयोगशाळेत चालू ठेवता येतो. पण तो वंश कसा? वाढ मंद, अंग फिकट आणि मऊ, आणि उडण्याची शक्ती नाही. (आपल्या घरच्या बायका वैशाखात धान्याला ऊन दाखवतात ते निराळे. तेथे किडा आणि जीवाणू दोघेही भाजून निघतात, आणि दमट हवेचे तर नावच नको. अकोल्याच्या मे महिन्याला कोणी दमट म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.) किड्याचे कवच टणक व्हायला टायरोसीन नावाचे अमिनो आम्ल लागते, आणि ते, व त्याचा कच्चा माल, हा जीवाणूच पुरवतो.

गंमत पुढे आहे. तरुण सोंड्या कोषातून बाहेर पडण्याच्या सुमारास पोटातले हे जीवाणू भराभर वाढतात, कारण त्याच वेळी कवच पक्के व्हावयाचे असते. आणि कवच पक्के झाले, की सोंड्या आपल्या आतड्याभोवतीच्या या जीवाणूंना दोन-तीन आठवड्यांत पचवून टाकतो! फक्त मादीच्या अंडाशयातले तेवढे राखतो, पुढच्या पिढीसाठी. २०१४ साली हे प्रसिद्ध झाले. घर बांधून होईपर्यंत गवंड्याला जेवू घालावे आणि भिंत वाळली की दार लावावे, असे व्यवहारी लोक आपल्याही ओळखीत असतील.

मग प्रश्न असा, की इतके वाढणारे जीवाणू किड्याच्या सगळ्या अंगात का पसरत नाहीत? आपल्या अंगात जीवाणू शिरला की शरीर त्याच्याशी झुंज देते. किड्याचेही तसेच, त्याच्या दप्तरात रोगजंतूंना मारणारी प्रथिने बनवण्याचे कागद असतात. हेद्दी यांच्या मंडळींनी २०११ साली दाखवले, की बिऱ्हाडकरूंच्या पेशींत यांतला एकच कागद सतत उघडा असतो, कोलिओप्टेरिसीन नावाच्या प्रथिनाचा. हे प्रथिन तेथे जीवाणूला ठार करीत नाही. त्याला फक्त दुभंगू देत नाही, त्यामुळे जीवाणू लांबच लांब वाढतो, पण खोलीबाहेर जात नाही. प्रयोगात तो एक कागद मिटवला, तर जीवाणू पेशी सोडून शरीरभर फिरू लागले. झुंजीचे हत्यार म्हणून जे होते, त्याचे दावे झाले. बैल मारायचा नाही, खुंट्याला बांधून ठेवायचा. जनुक तेच, पण केव्हा, कोठे आणि किती उघडावे, हे बिऱ्हाडाने बदलून टाकले. माझ्या मते या सबंध विषयाचे मर्म या एका सोंड्यात आहे. आणि हे बिऱ्हाड फारसे जुने नाही बरे का! बुख्नेराच्या पंधरा कोटींपुढे सोंड्याचा हा जीवाणू, अंदाजे तीसएक हजार वर्षांच्या आतला म्हणजे काल आलेला. त्याला पिएरांतोनीचे नाव दिले आहे, सोडॅलिस पिएरांतोनियस.

आतापर्यंत मालकाची बाजू वरचढ दिसली. आता ज्या घरात बिऱ्हाडकरूच मालक होऊन बसला आहे तेथे जाऊ. हे घर डासाचे.

१९२४ साली अमेरिकेत बॉस्टन येथे मार्शल हर्टिग आणि सिमियन वोलबाख हे दोघे किड्यांच्या अंगात तापाचे सूक्ष्म जंतू शोधत होते. पहिल्या महायुद्धात टायफसने युरोपात लाखो माणसे मारली होती, आणि त्याचा जंतू उवांमध्ये सापडला होता. त्यामुळे सगळ्याच किड्यांची झडती चालली होती. त्यांना घाण पाण्यात वाढणाऱ्या साध्या क्युलेक्स डासाच्या अंडाशयात एक जीवाणू दिसला. माणसाला त्याचा काही उपद्रव नाही असे दिसल्यावर जगाने त्याकडे पाठ फिरवली. हर्टिगने मात्र १९३६ साली आपल्या सहकाऱ्याचे नाव त्याला दिले, वोल्बाखिया. आपल्या गावातल्या सांडपाण्याच्या नालीत जो डास होतो, ज्याच्यामुळे पूर्व विदर्भात हत्तीपाय पसरला, तो याच क्युलेक्सच्या गणगोतातला. गाडगेबाबांचा खराटा ज्या नाल्यांतून फिरला, त्या नाल्यांत हा जीवाणू तेव्हाही होता.

त्यानंतर युरोपात एक विचित्र गोष्ट लक्षात आली. एका गावचा नर आणि दुसऱ्या गावची मादी यांचा संबंध आला, तर अंडी पडतात पण उबत नाहीत. उलट जोडी लावली, तर उबतात! जर्मनीच्या हान्स लाव्हेन याने याचाच हत्यार म्हणून उपयोग केला. १९६७ साली ब्रह्मदेशात रंगूनजवळच्या ओक्पो या खेड्यात त्याने असे परके नर रोज सोडले. सुमारे तीन महिन्यांत गावातल्या डासांची अंडी जवळजवळ सगळी वांझ निघू लागली. औषधाचा एक थेंब फवारला नव्हता. पण हे का होते, हे लाव्हेनलाही ठाऊक नव्हते. १९७१ साली कॅलिफोर्नियात येन आणि बार यांनी डासांना टेट्रासायक्लिन दिले, जीवाणू मेले आणि वांझपणाही गेला. ४७ वर्षांपूर्वीचा तो निरुपद्रवी बिऱ्हाडकरू खरा सूत्रधार निघाला. ज्या नराच्या अंगी वोल्बाखिया असतो, त्याच्या बीजावर तो शिक्का मारून ठेवतो. तोच जीवाणू मादीतही असेल तरच तो शिक्का उतरतो, नाहीतर गर्भ मरतो. हा शिक्का मारणारी जीवाणूची दोन जनुके २०१७ साली सापडली.

येथे आपल्या देशाचा एक प्रसंग सांगितला पाहिजे. लाव्हेनच्या यशानंतर जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांनी दिल्लीत डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचे एक केंद्र चालवले. सोनीपत येथे पीतज्वर आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाचे वांझ केलेले नर सोडण्याची तयारी झाली होती. पण हे परकीयांचे जंतुयुद्धाचे कारस्थान आहे असा गवगवा वर्तमानपत्रांत आणि संसदेत झाला, आणि १९७५ साली डास सोडण्याआधीच केंद्र बंद पडले. संशय घेणाऱ्यांना मी हसणार नाही. आपल्या अंगणात कोण काय सोडतो हे विचारण्याचा गावाला हक्क आहेच. पण शास्त्रज्ञांनी गावाला आधी नीट समजावून सांगितले असते, तर कदाचित आपल्या देशात हा इतिहास वेगळा घडला असता.

एडीस म्हणजे स्वच्छ पाण्यातला, पांढऱ्या ठिपक्यांचा, दिवसा चावणारा डास. आपल्याकडे उन्हाळ्यातल्या कूलरच्या टाकीत आणि पावसाळ्यात छपरावरच्या टायरात तो वाढतो, आणि डेंग्यू पसरवतो. या डासात वोल्बाखिया मुळात नव्हता. ऑस्ट्रेलियात स्कॉट ओनील यांच्या मंडळींनी केळ्यावर घोंगावणाऱ्या चिलटासारख्या माशीतला वोल्बाखिया एडीसच्या अंड्यात टोचून बसवला, आणि जानेवारी २०११ मध्ये केर्न्स शहराजवळ असे डास सोडले. या डासांत डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. इंडोनेशियात योग्यकर्ता येथे मोठी चाचणी झाली. ज्या भागांत हे डास सोडले तेथे डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी आढळला, असा तिचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. २०२२ साली पुदुच्चेरीच्या आपल्या सरकारी संशोधन केंद्रानेही भारतीय एडीसमध्ये वोल्बाखिया बसवल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रापुरते सांगायचे तर, पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या फुलपाखरांत वोल्बाखियाच्या कोणकोणत्या जाती आहेत याचा शोध घेऊन तो २०१२ साली प्रसिद्ध केला. म्हणजे हा पाहुणा आपल्या घरचाच आहे, परदेशातून आलेला नव्हे.

पण तो डासाच्या आत नेमके काय करतो? ब्रिस्बेनच्या सस्सान असगरी यांच्या प्रयोगशाळेने २०११ साली याची एक कडी शोधली. पेशीच्या कारभारात काही इवल्याशा चिठ्ठ्या फिरतात, जेमतेम बावीस अक्षरांच्या. अशी एक चिठ्ठी गेली की एखादे जनुक गप्प होते, क्वचित बोलकेही होते. एडीसच्या स्वतःच्याच चिठ्ठ्यांपैकी एक, २९४० क्रमांकाची, वोल्बाखिया घरात आला की फार वाढते. त्या चिठ्ठीमुळे डासाचे एक जनुक अधिक उघडते, आणि ते जनुक वोल्बाखियाला घरात नांदायला लागते. तीच चिठ्ठी दुसरे एक जनुक दाबून टाकते, हे २०१३ साली दिसले. या दुसऱ्या जनुकाने डेंग्यूच्या विषाणूला फायदा होतो, आणि वोल्बाखियाला तोटा! म्हणजे दप्तर डासाचे, चिठ्ठी डासाची, शाईसुद्धा डासाची. पण लिहिणारा हात बिऱ्हाडकरूचा. डेंग्यू दबतो तो एवढ्यानेच, असे मात्र समजू नका. जीवाणू विषाणूची रसद तोडतो, डासाची प्रतिकारशक्ती जागी ठेवतो, अशीही कारणे पुढे आली आहेत, आणि त्यांच्यात कोणाचा वाटा किती याबद्दल शास्त्रज्ञांचे एकमत झालेले नाही.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे सगळे ठीक. पण आमच्या कपाशीचे काय? तेच सांगतो.

कीड औषधाला दाद देईनाशी झाली, की आपण म्हणतो ‘अळी निबर झाली’. कशी निबर होते, तेही आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. हजारांत एखादी अळी जन्मतःच औषधाला टिकणारी असते. बाकीच्या मरतात, ही उरते, तिची प्रजा वाढते. बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली, आणि पंधरा वर्षांत गुलाबी बोंडअळी तिला जुमानेनाशी झाली, ती याच वाटेने. पण जपानच्या योशितोमो किकुची यांनी २०१२ साली दुसरी एक वाट दाखवली, आणि ती मला अधिक धास्तीची वाटते. आपल्या तुरीच्या शेंगांवर बसणाऱ्या ढेकणांच्या जातकुळीतला एक ढेकूण तिकडे सोयाबीनवर असतो. त्याला बिऱ्हाड आईकडून मिळत नाही. प्रत्येक पिल्लू आपला जीवाणू मातीतून नव्याने उचलते. ज्या मातीत फेनिट्रोथिऑन हे कीटकनाशक पुन्हापुन्हा पडते, त्या मातीत ते औषध खाऊन जगणारे जीवाणू वाढतात. पिल्लाने त्यांतला एखादा उचलला, की झाले! ढेकणाचे स्वतःचे एकही जनुक न बदलता तो एका पिढीतच निबर होतो. विष पचवतो तो बिऱ्हाडकरू. प्रयोगशाळेबाहेरही हे दिसले. ओकिनावाच्या पूर्वेस मिनामी-दायतो नावाचे बेट आहे. तेथे उसावर हे औषध वर्षानुवर्षे फवारले जाई, आणि तेथील उसाच्या ढेकणांत असे जीवाणू सापडले.

वऱ्हाडच्या कोणत्या किडीत असे घडले आहे, असे मी म्हणत नाही. पण २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यांच्या पाठीवरचा पंप ज्या मातीवर ठिबकत होता, त्या मातीत काय वाढत होते याचा हिशेब किडीच्या हिशेबाइतकाच मांडला पाहिजे. दोन फवारे चुकले म्हणून तिसरा अधिक जहाल करावा, हा आपला नित्याचा मार्ग. बिऱ्हाडकरू जर मातीतून येत असेल, तर तिसरा फवारा त्याच्यासाठी पेरणीच ठरेल.

शेवटी तांबडा ढेकूण. सीतादही करून वेचणीला बाया शेतात उतरतात, तेव्हा फुटलेल्या बोंडावर जोडीजोडीने चिकटलेले लाल-काळे ढेकूण कोणी पाहिले नाहीत? ते सरकीतला रस शोषतात, रुईवर डाग पडतात, आणि जिनात ती कवडी म्हणून वेगळी निघते. सरकीत तेल आहे, प्रथिने आहेत, पण ‘ब’ गटातली काही जीवनसत्त्वे पुरेशी नाहीत. जर्मनीतील येना येथे हसन सालेम आणि मार्टिन काल्टेनपोथ यांनी आपल्या ढेकणाचा आफ्रिकेतला भाऊ तपासला. त्याच्या आतड्यात राहणारे जीवाणू ही जीवनसत्त्वे पुरवतात. जीवाणू काढून घेतले, तेव्हा पिल्ले खुरटली, कितीतरी मेली. आणि जी उरली त्यांच्या अंगात जीवनसत्त्वे ओढून घेणारी व वापरणारी जनुके सताड उघडलेली दिसली. घरात रेशन संपले की आपण जसे सगळे डबे उघडून पाहतो, तसे! मग खाद्यात जीवनसत्त्वे मिसळली, किंवा जीवाणू परत दिले, तेव्हा जनुके पुन्हा जागच्या जागी मिटली. हे २०१४ सालचे काम. बिऱ्हाडकरू येथे काही लिहीत नाही, हुकूमही देत नाही. तो घरात आहे एवढ्यानेच मालकाचे दप्तर शांत राहते.

शिक्षकबंधूंनो, याचा पहिला भाग तुमच्या शाळेत करून पाहता येईल. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. तांबड्या ढेकणाची मादी ओल्या मातीत अंडी घालते, आणि घालताना त्यांच्यावर जीवाणूंचा लेप देते. पिल्लू अंड्यातून निघाले की तो लेप चोखते आणि तेथे बिऱ्हाड मांडले जाते. कार्तिकात ढेकणांच्या काही जोड्या धरून त्यांना ओली माती आणि सरकी देऊन बाटलीत ठेवा. अंडी पडली की अर्धी तशीच राहू द्या. उरलेली अर्धी स्पिरिटात आणि मग पातळ ब्लीचिंगच्या पाण्यात काही मिनिटे धुऊन, साध्या उकळून गार केलेल्या पाण्याने खळाळून घ्या. हे काम शिक्षकाने स्वतः करावे, मुलांच्या हाती ब्लीचिंग देऊ नये. दोन्ही गटांना वेगळ्या बाटल्या, सारखी सरकी, सारखे पाणी. दर चार दिवसांनी पिल्ले मोजा, त्यांची लांबी आणि कात किती वेळा टाकली ते वहीत लिहा. फक्त एक पथ्य कटाक्षाने पाळा. हे किडे एकमेकांच्या विष्ठेतूनही जीवाणू घेतात, म्हणून न धुतलेल्या बाटलीतले काहीही, सरकीचा एक दाणासुद्धा, दुसऱ्या बाटलीत जाता कामा नये.